केशोकडे अडकलेली फाइल

टांझानियातल्या दार-एस-सलामला येऊन मला आठ दिवस झाले होते आणि आमची फाइल केशोकडे अडकली होती. काउंटरवरच्या बाई हसून 'कारिबू', म्हणजे 'या, स्वागत', म्हणायच्या, कागद चाळायच्या आणि शेवटी शांतपणे सांगायच्या, "केशो." वकिलांकडे केशो, बँकेत केशो. रात्री कोल्हापूरला साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मग त्या केशोला जाऊन भेट की! केशव म्हंजे आपल्यातलाच कोणतरी असणार. दोन किलो चटणी पाठवू काय त्याला?"

नवव्या दिवशी बजाजीवाल्याने खुलासा केला. (बजाजी म्हणजे ऑटोरिक्षा. बजाजची रिक्षा इथे इतकी रुळली, की आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं कंपनीचं नाव वाहनालाच चिकटलं.) केशो म्हणजे उद्या.

साहेबांना हे सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. चटणी आली, ती मीच खाल्ली.

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. टांझानियात पूर्ण मालकीची उपकंपनी काढायचं ठरलं तेव्हा माझी निवड झाली, कारण ऑफिसात पासपोर्ट फक्त माझा तयार होता. वकीलबाई म्हणाल्या, भागधारक निदान दोन असलेले बरे. म्हणून 9,999 शेअर कोल्हापूरच्या कंपनीच्या नावावर आणि उरलेला एक माझ्या. बायकोने ही बातमी माहेरी 'ह्यांची आफ्रिकेत कंपनी आहे' अशी पोचवली.

कागदपत्रांवर आम्ही भारतातच हौसेने अपोस्टील करून घेतलं होतं. (अपोस्टील म्हणजे कागद परदेशात खरे धरले जावेत म्हणून एका आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळणारा शिक्का.) टांझानिया त्या करारात नाही हे नंतर कळलं. मग तेच गाठोडं पुन्हा दिल्लीला, त्यांच्या उच्चायुक्तालयात. त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं.

खरी गंमत इथल्या स्वाहिली भाषेची. सरकारला इथे 'सेरिकाली' म्हणतात. वकील तो 'वकिली', हिशेब तो 'हेसाबू', विमा तो 'बिमा', मोहोर ती 'मुहुरी'. सही ती 'साहिही', दाखला म्हणजे 'चेती', आपली चिठ्ठीच ती. रुपयाला साधारण तीस शिलिंग मिळत असल्यामुळे लाखाशिवाय बोलणं नाही, आणि लाखाला म्हणतात 'लाकी'. अरबांची आणि आपल्याकडची गलबतं शतकानुशतकं या किनाऱ्याला लागत होती. त्यांतून लवंगा गेल्या असतील, हस्तिदंत गेला असेल, पण उतरताना आपल्या लोकांनी अख्खी मामलेदार कचेरी उतरवलेली दिसते.

आता मला सगळं कळतं, असं वाटू लागलं तिथेच घात झाला. टीव्हीवर एका गृहस्थाच्या नावाखाली 'वझिरी वा माजी' असं आलं. मी हळहळलो, एवढा तरणा माणूस आणि इतक्यात माजी मंत्री! माजी म्हणजे पाणी. ते चांगले विद्यमान पाणीपुरवठा मंत्री होते. कराला 'कोडी' म्हणतात. हा शब्द मात्र मला पहिल्या दिवसापासून बरोबर कळला.

मग घड्याळ. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने सहाच्या आगेमागेच उगवतो, तेव्हा पद्धत शहाणपणाची आहे. पण एका कारकुनाने माझ्यावर मेहरबानी करून आपल्या मनातला वेळ इंग्रजीत उलथला आणि सांगितलं, "चार वाजता या." मी इस्त्रीचा शर्ट घालून दुपारी चारला हजर. कचेरी साडेतीनलाच बंद झालेली. पहारेकरी म्हणाला, "सहा तास उशीर झाला." त्याचे चार म्हणजे सकाळचे दहा. त्यात भारत अडीच तास पुढे. साहेब फोनवर 'किती वाजले तिकडं?' असं सहज विचारत आणि मी बोटं मोजत बसे.

करखात्याला कंपनीच्या जागेचा भाडेकरार हवा होता, आणि जोडीला 'सेरिकाली या म्ताआ'चं, म्हणजे मोहल्ल्याच्या अध्यक्षांचं पत्र. एक पत्र्याची खोली, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक जाडजूड रजिस्टर. अध्यक्ष 'म्सिबा'ला गेले होते. म्सिबा म्हणजे कोणाकडे तरी मयत. आपल्या मुसीबतीचं हे सख्खं भावंड. त्यांची आणि माझी अडचण एकाच शब्दात मावली. दुसऱ्या दिवशी ते आले. पत्र दोनदा वाचलं, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, ती उलगडून आतला शिक्का हातात घेतला, तोंडाशी धरून त्यावर 'हा:' करून वाफ सोडली आणि दाबला. शाईचं पॅड कधीच सुकलं होतं. अर्धं वर्तुळ उमटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा 'हा:'. आमच्या कंपनीत टांझानियाचा खरा श्वास आहे तो तेवढाच.

पण भाडेकरारावर सही करायला घरमालकाला सहा महिन्यांचं आगाऊ भाडं हवं होतं, तेही कंपनीच्या खात्यातून. खातं उघडायला बँकेला करक्रमांक हवा. करक्रमांकाला भाडेकरार हवा. मी हा फेरा कागदावर काढून साहेबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "तू भर तूर्त. तूपण मालक आहेस की." एका शेअरची ही ताकद मला तोवर ठाऊक नव्हती.

शेवटी परवाना. परवान्याला करखात्याचा दाखला लागतो. तेव्हा दाखला हवा असेल तर यंदा किती नफा होईल ते सांगायचं होतं आणि त्यावरच्या कराचा पहिला हप्ता भरायचा होता. एक पंप विकला नव्हता, दुकानाला शटर नव्हतं, आणि मी नफ्यावर कर भरून आलो. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. त्यातून टांझानियाची तूर दरवर्षी जहाजांनी भारतात जाते, तेव्हा इथे तुरी निदान बाजारात तरी असतात. माझ्याकडे तेही नव्हतं.

पाचव्या महिन्यात पाटी लागली. 'पाम्पु झा माजी', पाण्याचे पंप. रंगाऱ्याने 'माजी' दुप्पट मोठं काढलं. पहिल्याच सकाळी, त्यांच्या दोन वाजता, एक आजी आल्या. हातात रिकामी बादली. पाच मिनिटं हातवारे करून बोलत होत्या. मला 'हाकुना माजी' एवढंच कळलं. पाणी नाही. पाटी वाचून त्या पाणीपुरवठ्याची तक्रार घेऊन आल्या होत्या. मला सांगायचं होतं की बीबी (इथे आजीला बीबी म्हणतात), आम्ही फक्त पंप विकतो, नळाशी आमचा संबंध नाही. पण एवढं स्वाहिली कुठून आणू? तोंडातून निघून गेलं, "केशो."

आजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, बादली उचलली आणि शेजारच्या दुकानदाराला मोठ्याने काहीतरी सांगत चालू लागल्या. त्यातला 'सेरिकाली' तेवढा मला नीट ऐकू आला.