टक्का सगळ्यांना पाठ, तपासणीचं काय?

२०२१ च्या देशभरातल्या सरकारी पाहणीत गरोदर बायकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२२ टक्के निघालं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ३.२६, तृतीयपंथीयांमध्ये ३.७८. आकडे आले की 'ह्यांच्यामुळंच पसरतंय' म्हणणारे लगेच हजर! पण हे नमुने संस्थांच्या संपर्कातल्या लोकांचे असतात. सांगली जिल्ह्यातल्या जत-पलूसकडचा, लग्न झालेला, ॲपवरून भेटी ठरवणारा गडी त्यात नसतोच. त्याच्या घरात हे कळतं ते अनेकदा बायको गरोदर राहिल्यावर, तिच्या तपासणीत. आणि बोल कुणाला लागतो? तिलाच.

म्हणून भांडायचंच तर आपल्याला एचआयव्ही आहे की नाही हे किती जणांना स्वतःला माहीत आहे, यावरून भांडा.

गाडं तपासणीआधी समुपदेशक विचारतो त्या पहिल्या प्रश्नालाच अडतं. 'बाहेर बायकांकडे जाता का?' असं विचारलं की तो 'नाही' म्हणतो, आणि खरंच बोलतो. झालं, जोखीम नाही! 'पुरुषांशी संबंध येतो का?' हे आवाज न चढवता, भुवई न उडवता विचारता आलं पाहिजे. सांगलीत संग्राम या संस्थेनं १९९२ पासून धंद्यातल्या बायकांबरोबर काम उभं केलं, निरोध त्या बायकांनीच वाटले. माहितीतल्या माणसाला माणूस खरं सांगतो. कोती (पुरुषांशी संबंध ठेवणारे बायकी वळणाचे पुरुष), जोगते (यल्लम्मा देवीला सोडलेले पुरुष), ॲपवरची पोरं यांच्यापर्यंतही त्यांच्यातलंच कुणीतरी जायला हवं.

सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, तपासणी फुकट होते. पहिली टेस्ट नॉन-रिॲक्टिव्ह आली, म्हणजे एचआयव्हीची खूण दिसली नाही, की रिपोर्ट निगेटिव्ह. रिॲक्टिव्ह आली तर वेगळ्या किटवर आणखी दोन टेस्ट होतात, आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह. वस्तीत बोट टोचून होते ती फक्त पहिली पायरी. बरीच गळती तिथंच होते: 'उद्या सिव्हिलला जातो' म्हणणारा जात नाही. त्याच्याबरोबर कुणीतरी जावंच लागतं.

दुसरी चूक घाईची. परवा संबंध आला आणि आज टेस्ट केली तर निगेटिव्हला अर्थ नाही. टेस्ट ज्या शोधते त्या अँटिबॉडी (शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेले घटक) रक्तात दिसायला तीन आठवडे ते तीन महिने लागू शकतात, तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा करायची. जोखीम चालूच असेल तर दर सहा महिन्यांनी. संबंध ताजा असेल तर टेस्टची वाट न बघता ७२ तासांच्या आत, जमलं तर त्याच दिवशी, सरकारी दवाखाना गाठून पेप, म्हणजे लागण रोखायच्या गोळ्या, मागायचं. गोळ्या २८ दिवस, मध्ये खंड नाही. आणि खोबरेल लावून निरोध वापरू नका, तेलानं रबर फाटतं. पाण्याचं जेल घ्या.

ओळखीचं कुणी दिसेल म्हणून सातारचा माणूस पुण्याला तपासून येतो. येऊ दे की. फक्त पॉझिटिव्ह आल्यावर गोळ्यांसाठी तेवढी धाव दर वेळी झेपत नाही, आणि औषध सुटतं. एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते केंद्र) बदलून मिळतं, तिथल्या समुपदेशकाला सांगायचं. २०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्टही फोडता येत नाही. बाईपणासाठी हार्मोन घेणाऱ्या ट्रान्स बाया एचआयव्हीच्या गोळ्यांना (एआरटीला) भितात, पण एआरटीत हल्ली देतात त्या डोल्युटेग्राव्हिरच्या गोळीनं हार्मोनचा असर कमी होत नाही. दोन्ही औषधं डॉक्टरांना सांगून चालू ठेवता येतात.

फोनवर विचारायचं असेल तर एचआयव्हीची सरकारी हेल्पलाइन १०९७, पैसे लागत नाहीत.