हिंगाची डबी विकणे आहे

पेसाख, म्हणजे आम्हा यहुद्यांचा बिनखमिराच्या भाकरीचा सण, जवळ आला की इस्राएलमधल्या आमच्या दिमोनात घरोघरी सोफे उलटे होतात, गाडीच्या सीटखाली पोरांनी वर्षभर पेरलेली बिस्किटं व्हॅक्यूमने ओढली जातात, आणि माझ्या वाट्याला येतो फॉर्म. खामेत्झ विकायचा फॉर्म. गहू, जव, राय, ओट, स्पेल्ट, यातल्या कशाच्याही पिठाला पाणी लागून न भाजता १८ मिनिटं गेली की झालं खामेत्झ, आणि सणाचे सात दिवस ते नुसतं खायचं नाही एवढ्यावर भागत नाही, ते आपल्या मालकीचंच नको. ब्रेडचे तुकडे सणाच्या आदल्या सकाळी जाळून टाकता येतात, पण व्हिस्की कोण जाळणार? पोलंडमधे आपले लोक दारूच्या धंद्यात होते, पिंपं घराबाहेर काढणार कुठे, तेव्हा १६४० साली वारलेल्या रब्बी (म्हणजे यहुदी धर्मगुरू) योएल सिर्किस यांनी रस्ता लिहून ठेवला की माल राहू दे जागेवर, ती खोलीच विका आणि किल्ली देऊन टाका. हुशार माणूस!

तर फॉर्मवर पत्ता लिहायचा, माल कुठल्या कपाटात ते लिहायचं, अंदाजे किंमत टाकायची, मग रब्बी पेन पुढे करतो ते आपण उचलायचं, म्हणजे विकायचा अधिकार त्याला दिला. तो पुढे यहुदी नसलेल्या माणसाला थोडा विसार घेऊन विकतो. उरलेले पैसे सण संपल्यावर, नाही दिले तर माल परत.

आमचं घोडं अडतं किमतीपाशी. ठाण्याहून मावशीने पाठवलेली थालीपिठाची भाजणी, त्यात गहू.

मी आईला विचारतो, "पन्नास शेकेल लिहू?"

"पन्नास? अरे स्वस्त बघून खरंच उचलून नेईल तो! पाचशे लिही, परवडायलाच नको मेल्याला."

म्हणून आमच्या फॉर्मवर भाजणी व्हिस्कीपेक्षा महाग आहे. रब्बी दरवर्षी तिथे थांबतो, माझ्याकडे बघतो, काही बोलत नाही.

त्यात बायकोने हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली. मैदा! आई भडकलीच, "आमच्या कोकणात कुणी हिंग विकलेला मी ऐकला नाही, आंबट मडकं झाकलं की सण सुरू." (खरंच, जुन्या बेने इस्राएली, म्हणजे आमच्या कोकणातल्या यहुदी लोकांत सणाचं नाव त्या मडक्यावरूनच होतं.) मग मी तिला सांगायला गेलो की अगं सरकारसुद्धा विकतं, सरकारी कंपन्यांचा, तुरुंगांचा, आणीबाणीसाठी साठवलेला सगळा माल बरीच वर्षं अबू घोश या अरब गावचे हुसेन जाबेर विकत घेतात, हॉटेल लाइनमधले आहेत. तर ती म्हणाली, "हॉटेलवाला? मग त्याला हिंग कळतो."

तेव्हापासून कपाटाला चिकटपट्टीचे वेढे वाढलेत. दुकानात निदान १९८६च्या कायद्यामुळे ब्रेडची शेल्फं प्लास्टिकने झाकतात, आमच्याकडे कायदा आईच. आम्हाला भात चालतो (युरोपातल्या यहुद्यांना, म्हणजे अश्केनाझींना, तोही नाही, बिचारे), पण तांदूळ तीनदा निवडायचे, त्यात गव्हाचा दाणा नको, आणि तिसऱ्या वेळी माझ्याकडून एकही खडा निघाला नाही की ती म्हणते नीट बघत नाहीयेस.

सण संपतो त्या रात्री रब्बी माल परत विकत घेईपर्यंत तासभर कपाट उघडायचं नसतं. आई घड्याळ बघत चिकटपट्टीला हात लावून उभी, आणि तेवढ्यात समोरच्या मोरोक्कन वहिनी मिमुनाची (पेसाख संपल्याचा त्यांचा सण) गरमागरम मुफलेटा घेऊन हजर, मैद्याची पातळ पोळीच ती, मध आणि लोणी सोडलेली. मी म्हटलं आई थांब, यांनी मैदा इतक्या लवकर आणला कुठून, त्यांच्या रब्बीने परत घेतलाय का ते तरी...

"ते त्यांचा रब्बी बघेल," आई तोंडात घास घेऊन म्हणाली, "तू तुझ्या रब्बीला फोन लाव, भाजणी सुटली का विचार."