कमरेच्या वर एक, खाली दोन? विषाणू ही हद्द पाळत नाही

व्हॉट्सॲपवर हर्पिसबद्दल, म्हणजे ओठावर किंवा गुप्तांगावर फोड आणणाऱ्या विषाणूबद्दल, एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: हर्पिस टाइप 1 तोंडाचा, निरुपद्रवी. टाइप 2 गुप्तांगाचा, बाहेरख्याली माणसांचा. फोड नसेल तर लागण होत नाही. लग्न ठरवण्याआधी मुला-मुलीचं रक्त तपासा, चारित्र्य कळेल. मी फोंड्याला फार्मसीच्या काउंटरवर उभा असतो. मलम मागता मागता हा मेसेज पुढे करणारे बरेच भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

वर एक, खाली दोन, हे अर्धंच खरं. टाइप 1 चा मुक्काम बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत असतो आणि टाइप 2 चा कण्याच्या तळाच्या गाठींत. पण मुखमैथुनातून टाइप 1 खाली जातो. बऱ्याच पाश्चात्त्य देशांत तरुणांमधल्या गुप्तांगाच्या नव्या हर्पिसपैकी मोठा वाटा आता टाइप 1 चा असतो. फरक पुढे जाणवतो. गुप्तांगाला टाइप 2 असेल तर पहिल्या वर्षात साधारण चार वेळा फोड परत येतात. टाइप 1 एखाददुसऱ्या वेळी येतो आणि मग बहुतेकदा गप्प बसतो. उलट टाइप 2 ओठावर क्वचितच त्रास देतो. डॉक्टर टाइप विचारतात ते पुढचा अंदाज सांगता यावा म्हणून. चारित्र्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

आता 'निरुपद्रवी'. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 50 वर्षांखालच्या सुमारे 64 टक्के लोकांत टाइप 1 आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरच्यांच्या पाप्यांतून मिळालेला असतो. चवथीत आरत्यांची जागरणं झाली, ताप आला, मे महिन्याचं ऊन लागलं की ओठ फुटतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात बरा होतो. इथवर ठीक. पण हाच टाइप 1 डोळ्यात गेला तर बुबुळावर वण पाडू शकतो, आणि मोठ्या माणसांतला हर्पिसचा मेंदूज्वर बहुतेकदा त्याच्यामुळेच होतो. नवजात बाळाला तर तो जिवावर बेतू शकतो. बारशाला ओठावर फोड घेऊन आलेल्या मावशीला बाळाचा पापा घेऊ देऊ नका, रुसली तर रुसू दे.

फोड नाही म्हणजे लागण नाही, हे साफ चूक. विषाणू काही न दिसताही त्वचेवर येऊन जातो. टाइप 2 असलेल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नसतो. कंडोमने धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

सगळ्यात घातक मुद्दा रक्ततपासणीचा. एक गिऱ्हाईक बायकोचा रिपोर्ट घेऊन आलं होतं. त्यावर 'एचएसव्ही 1 व 2 आयजीएम पॉझिटिव्ह' अशी एकच ओळ, आणि तेवढ्यावर घरात बोलणं बंद. एचएसव्ही म्हणजे हर्पिसचा विषाणू, आणि आयजीएम म्हणजे लागण झाल्यावर रक्तात आधी दिसणारी प्रतिपिंडं. अशा एकत्र चाचणीत कुठला टाइप हेच कळत नाही. शिवाय आयजीएम जुना विषाणू पुन्हा उठला तरी वाढतं, कधी उगाचच पॉझिटिव्ह येतं. टाइप वेगळे दाखवणारी आयजीजी (जास्त काळ टिकणाऱ्या प्रतिपिंडांची) चाचणी बरी, पण टाइप 1 पॉझिटिव्ह आला तर तो ओठाचा की खालचा, हे ती सांगत नाही. टाइप 2 चा आकडा जेमतेम मर्यादेवर असेल तर तोही खोटा निघू शकतो. आणि लागण गेल्या महिन्यातली की लग्नाआधीची, कुणाकडून झाली, हे कुठल्याच रिपोर्टात नसतं. म्हणूनच अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नका म्हणते. आपल्याकडे मात्र ती पत्रिकेबरोबर मागायची!

टाइप खरंच जाणून घ्यायचा असेल तर फोड ताजा असताना, खपली धरण्याआधी, त्यातल्या द्रवाची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी करावी लागते. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोग आणि गुप्तरोगाचे डॉक्टर आहेत, ते काय करायचं ते सांगतील. विषाणू कायमचा जात नाही, पण असायक्लोविरच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या तर फोड लवकर आवरतात. मलमाचा उपयोग त्यामानाने थोडाच. हे मलम विकणारा सांगतोय.