एक्स्टर्नलला आवडेल अशी हनुवटी

एमबीबीएस फायनल इयरच्या बाळगोपाळांनो, प्रॅक्टिकल जवळ आलं. तुम्ही मेडिसिनचा तो ठोकळा पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला असेल. मिटा. आधी आरशात बघा.

परदेशात बऱ्याच ठिकाणी मेडिकलला घेण्याआधी मुलाखत असते, त्यामुळे तिथली पोरं दाढी ठेवावी की काढावी या चिंतेत झुरतात. आपल्याकडे पुण्याच्या एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजसारखा अपवाद सोडला तर नीट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर आणि रँक बघून सीट मिळते, थोबाड कोणी बघत नाही. ही उणीव आपल्या थोर एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या कॉलेजातून येणाऱ्या, परीक्षकांनी भरून काढली आहे. राहिलेली मुलाखत ते शेवटच्या वर्षाच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उरकून घेतात. तेव्हा माझे चार शब्द ऐका. सल्ला ताजा आहे, हनुवटीवरची खपली अजून पडायची आहे.

दाढी काढा. पूर्ण. ‘ट्रिम केलेली चालेल का?’ असले प्रश्न विचारू नका. खुंट दिसले तर तुम्ही आळशी. भरघोस असेल तर गुंड. फ्रेंच कट असेल तर ‘हिरो, कॉलेजला येतोस की शूटिंगला?’ गुळगुळीत गालांचा मुलगा तेवढा सिन्सियर. मग त्याला मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, सिस्टॉलिक की डायस्टॉलिक हे कळो न कळो.

मिशी चालते. विभागप्रमुखांना आहे.

वेळेचं गणित नीट करा. परीक्षा मंगळवारी असेल तर दाढी रविवारीच उरका. सोमवारी सलून बंद, मंगळवारी आई वस्तऱ्याला हात लावू देणार नाही. दोन दिवसांचे खुंट घेऊन वॉर्डात शिरलात तर त्याला मंगळ जबाबदार नाही, तुम्ही आहात.

कुरळ्या दाढीवाल्यांनी विशेष काळजी घ्यावी. दाढी केली की कापलेले केस वळून कातडीत घुसतात आणि फोड येतात. स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बे म्हणतात त्याला, स्किनच्या व्हायवात हमखास विचारतात. स्किनच्या ओपीडीत दाखवलंत तर केसपेपरवर लिहून मिळेल, ‘दाढी करणे बंद’. तो कागद घेऊन मेडिसिनला जा. दोन डिपार्टमेंटचा पत्रव्यवहार सुरू होईल आणि निकाल लागेपर्यंत दाढी छातीला टेकेल.

मुलींनी केस घट्ट बांधावेत, नखं कापावीत, कुर्ता फिक्या रंगाचा घालावा, आणि उत्तर येत असलं तरी जरा घाबरत द्यावं.

धर्माचंही सांगून ठेवतो. शीख असाल तर कोणी काही म्हणणार नाही. मुसलमान असाल तर म्हणतील, पण तुम्ही बाहेर गेल्यावर. हिंदू असाल तर भर जानेवारीत ‘काय रे, श्रावण पाळतोस का?’ असा विनोद होईल. तेव्हा हसायचं. इंटर्नल, म्हणजे आपल्याच कॉलेजातले परीक्षक, सर हसतात तेवढंच हसायचं, जास्त नाही.

आणि ‘सर, दाढीने काय बिघडतं?’ असं चुकूनही विचारू नका. ‘दाढीत जंतू असतात’ हे शास्त्रीय उत्तर तयार आहे. मायक्रोबायोलॉजीच्या पॅसेजमध्ये दोन तसबिरी आहेत, एक रॉबर्ट कॉख आणि दुसरे लुई पाश्चर. दोघेही दाढीवाले. एकाने १८८२ साली टीबीचा जंतू शोधला, दुसऱ्याने रेबीजची लस दिली. दोघांनाही आमच्या वॉर्डात उभं केलं नसतं. ‘जर्नल ऑफ हॉस्पिटल इन्फेक्शन’मध्ये २०१४ साली ४०८ पुरुष हॉस्पिटल कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यांची तपासणी छापून आली होती. दाढीवाल्यांच्या चेहऱ्यावर जास्त जंतू सापडले नाहीत. उलट स्टॅफ ऑरियस हा पू करणारा जंतू गुळगुळीतवाल्यांकडेच जास्त निघाला. पण हा पेपर व्हायवात सांगायचा नसतो. व्हायवा ज्ञानासाठी नसते.

बरं, दाढी काढायला एक खरं कारण आहे. एन-९५ मास्क दाढीवर नीट बसत नाही, बाजूने हवा शिरते. कोविडमध्ये कितीतरी डॉक्टरांनी दाढ्या उतरवल्या त्या त्यासाठीच, आणि शीख डॉक्टरांनी दाढीवरून रबरी पट्टी ताणून बांधायची युक्ती काढली. हे कारण कोणी दिलं असतं तर मी मुकाट सलूनमध्ये गेलो असतो. पण एन-९५चं नाव काढायचं तर वॉर्डात एन-९५ असावा लागतो. टीबीच्या पेशंटचं तोंड उघडून बघताना आमच्या तोंडावर तो निळा पातळ मास्क असतो, तोही गेटसमोरच्या मेडिकलमधून स्वतःच्या पैशाने आणलेला.

आता मुख्य सूचना. लाँग केसच्या वेळी, म्हणजे एकच पेशंट सविस्तर तपासून दाखवताना, एक्स्टर्नलच्या हातांकडे बघू नका.

मी बघितलं, म्हणून सांगतो. मला मायट्रल स्टेनोसिसची केस लागली होती. चाळिशीतल्या एक मावशी, लहानपणी सांधे सुजले होते, मग हृदयाची झडप आवळत गेली. ही केस परीक्षेला सगळ्यांना आवडते, कारण मर्मर ऐकवता येतो. त्यासाठी पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास पूर्ण सोडून धरायला सांगायचं आणि स्टेथोची बेल लावायची. प्रत्येक पोराने वळवायचं. प्रत्येक पोराने श्वास धरायला लावायचं. त्यांना आधीच दम लागतो, तीच तर केस आहे! मी पोचलो तेव्हा त्या सकाळपासून वळत होत्या आणि चहा ‘परीक्षा झाल्यावर’ मिळणार होता.

मी हिस्टरी घेतली, तपासलं, मर्मर ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदा इतका स्वच्छ ऐकू आला. सर आले. उजव्या हातात पुष्कराज आणि पोवळं, डाव्यात आणखी एक खडा, मनगटावर मळून काळा पडलेला लाल दोरा, त्याच्यावर घड्याळ. शेजारच्या बेडवरच्या जलोदराच्या आजोबांचं पोट त्याच हातांनी वाजवून थेट इकडे आले. मध्ये बेसिन होतं. बेसिनच्या वर हात धुण्याच्या पायऱ्यांचं पोस्टर होतं, लॅमिनेट केलेलं. तोच खडेवाला हात मावशींच्या छातीवर ठेवून सर माझ्याकडे बघत म्हणाले, ‘हे काय उगवलंय? हायजीन नावाची गोष्ट शिकवली का तुम्हाला? अर्ध्या तासात दाढी करून या, मग बघू.’

इंटर्नल सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर पाण्याची टाकी आहे, बघण्यासारखी.

मावशी म्हणाल्या, ‘राहू द्या की साहेब, आमच्या धाकट्यालाबी आशीच दाढी हाय.’ त्या बोलल्या म्हणून सरांना त्यांचा रागही आला. केसने बोलायचं नसतं.

मग गेटबाहेरच्या सलूनमध्ये घाईत वस्तरा, हनुवटी कापलेली, वर तुरटी, तुरटीवर कापूस, आणि धावत वॉर्डात. तेवढ्यात माझी वेळ निम्मी झाली होती. मर्मरबद्दल एक प्रश्न नाही. नाडीबद्दल नाही, मावशींना गोळ्या परवडतात का याबद्दल तर नाहीच. ‘हं, आता डॉक्टर वाटतोस’ एवढं म्हणून पुढच्याला बोलावलं.

डॉक्टर वाटतोस! साडेचार वर्षांत शिकलेलं सगळं सलूनवाल्याने दहा मिनिटांत उरकलं. मग आम्हाला ॲटकॉम का शिकवता? पेशंटशी कसं बोलावं, त्याची परवानगी कशी घ्यावी, संमती म्हणजे काय, हे सगळं नव्या अभ्यासक्रमात आहे ना? त्याच्या जर्नलवर सह्या तुमच्याच आहेत ना? त्या बाईला तुम्ही नाव तरी विचारलंत का? छातीवर हात ठेवण्याआधी ‘तपासू का’ म्हणालात का? पीएसएमच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या, व्हायवात तुम्हीच विचारता, हात धुण्याचे पाच क्षण सांग. पहिलाच कोणता, सर? पेशंटला हात लावण्याआधी. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ साली व्हिएन्नात हे सांगितलं आणि पोरांकडून पाठ करून घेताना तुम्हाला अजून मजा येते. इंग्लंडने २००७ साली डॉक्टरांना कोपरापासून खाली घड्याळ आणि खड्यांच्या अंगठ्या बंद केल्या. एक साधी लग्नाची अंगठी चालते तिथे. तुमच्या तीन खड्यांच्या खाली काय काय साचलंय ते एकदा कल्चरला पाठवा, मायक्रोवाले फुकट करून देतील.

माझ्या दाढीने त्या वॉर्डात एकाही पेशंटला त्रास झाला नाही. तुमच्या हातांनी किती जणांना झाला असेल हे कोणी मोजत नाही, कारण मोजणारे तुम्हीच. इंटर्नल सरांनाही सांगतो, बाहेरून आलेल्या पाहुण्याला दुपारच्या जेवणात काय आवडतं याची चौकशी आठवडाभर आधी करता, मग ‘सर, बेसिन इकडे आहे’ एवढं म्हणायला जीभ का अडते? दाढीचा नियम हवाच असेल तर लेखी काढा आणि हॉल तिकिटावर छापा, म्हणजे पोरं घरूनच करून येतील आणि पेशंटचा अर्धा तास वाचेल. पण आधी त्या अंगठ्या काढा. हात धुवा. बेसिनवर साबण नसेल तर मागवून घ्या, डिपार्टमेंट तुमचंच आहे.