आधी मीटर लावा, मग पार्ट बदला

डावा इंडिकेटर व्यवस्थित चालतो, उजवा मात्र दुप्पट वेगाने मिचमिचतो आणि ब्रेक दाबला की मागचा उजवा दिवा जवळजवळ विझतो. गाडीतल्या बिघाडाचे याहून स्पष्ट वर्णन ग्राहकाने आणखी कसे करायचे, ते एखाद्या गॅरेजवाल्याने मला सांगावे. हे सगळे मी तोंडी सांगितले, जॉब कार्डवर लिहून घ्यायला लावले आणि दिवे लावून प्रत्यक्ष दाखवलेही. त्यावर डिकी न उघडता, दिव्याला हातही न लावता मिळालेले उत्तर होते, "फ्लॅशर गेलाय साहेब, बदलून टाकू."

फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरला मिचमिचवणारा रिले, दोन्ही बाजूंना मिळून एकच असतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने गाडीच्या वायरिंगला हात लावू नये, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने असे बोलू नये. माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये डाव्या आणि उजव्या दिव्यांना तोच एक रिले प्रवाह पुरवतो. दांडी ज्या बाजूला वळवाल त्या बाजूला तो प्रवाह जातो. रिले गेला असता तर डावी बाजूही बिघडली असती. उलट, उजवी बाजू भराभर मिचमिचत होती ती रिले आपले काम चोख करत होता म्हणूनच. पुढचा 21 वॅटचा, मागचा 21 वॅटचा आणि फेंडरवरचा 5 वॅटचा असे तीन दिवे मिळून सुमारे चार अँपिअर प्रवाह ओढतात. त्यातला एखादा जळाला किंवा त्याच्याकडून जाणारा प्रवाह बराच कमी झाला, की इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर वेग वाढवतो, म्हणजे आतली टिकटिक ऐकून चालकाला कळते की कुठेतरी दिवा नीट लागत नाही. बिघाडाची सूचना देणारा भागच बिघडलेला ठरवून फेकून द्यायचा आणि ग्राहकाला नव्याचे पैसे लावायचे, हा प्रकार मी निमूटपणे सहन करावा अशी त्या गॅरेजची अपेक्षा होती.

नवा फ्लॅशर बसवला, फरक पडला नाही. मग उजव्या बाजूचे बल्ब बदलले, फरक पडला नाही. मग निघाले कॉम्बिनेशन स्विचचे प्रकरण, म्हणजे स्टिअरिंगखालची दांड्यांसकटची सगळी यंत्रणा, जी स्वस्त तर नाहीच आणि जिच्यासाठी स्टिअरिंग काढावे लागते. मी त्यांना सांगत होतो की हजार्डचे, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम लावणारे, बटण दाबले तरीही मागचा उजवा दिवा तसाच मंद लागतो, आणि माझ्या गाडीत हजार्डचा प्रवाह इंडिकेटरच्या दांडीतून जातच नाही, तेव्हा दोष दांडीच्या पुढे, दिव्याच्या बाजूला शोधायला हवा. एवढ्या एका निरीक्षणाने तो महागडा पार्ट संशयातून सुटतो. पण ऐकून कोण घेतो? "बदलून बघू, फरक पडेल," हेच उत्तर, आणि स्विचही बदलला गेला. बदलून बघायचे ते माझ्या पैशाने, आणि फरक पडला नाही तर नवा पार्ट दुकानदार परत घेत नाही, कारण इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की परत घ्यायचा नाही हा त्यांचा नियम. म्हणजे अंदाज त्यांचा, आणि तो चुकला की भुर्दंड माझा.

मधल्या काळात मोठ्या वर्कशॉपमध्येही गाडी नेऊन झाली. तिथे स्कॅनर जोडला आणि "एरर काही दाखवत नाही" असे सांगून मोकळे झाले. नव्या गाड्यांत इंडिकेटर बॉडी कंट्रोल मॉड्यूलवर, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या संगणकावर, चालतात, तिथे स्कॅनरला काहीतरी सांगता येते. पण साध्या रिलेवर चालणाऱ्या दिव्याची तार कुठे सैल आहे हे स्कॅनरला कळण्याचा मार्गच नसतो. हे तिथल्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला माहीत नव्हते असे मी मानायला तयार नाही. त्यानंतर त्यांनी पूर्ण मागचे हार्नेस, म्हणजे तारांचा सगळा जुडगा, बदलण्याचा अंदाजखर्च हातात ठेवला. बरे, तपासणी म्हणून त्यांनी मल्टिमीटर लावला तोही बीपवर ठेवून, म्हणजे तार जोडलेली असली की नुसता वाजतो तसा. दिव्याच्या काळ्या तारेपासून बॉडीपर्यंत बीप वाजली, म्हणून अर्थिंग, म्हणजे दिव्यातला प्रवाह बॉडीतून बॅटरीकडे परतण्याची वाट, उत्तम असा निर्वाळा दिला. बीपच्या तपासणीत मीटर तारेतून अगदी नगण्य प्रवाह पाठवतो. गंजलेल्या सांध्यातून तेवढा प्रवाह सहज जातो, पण दिव्याला लागणारा पावणेदोन अँपिअर प्रवाह जाऊ लागला की तोच सांधा त्याला अडवतो. म्हणून अर्थिंग तपासायचे ते दिवा चालू ठेवून, व्होल्टेजवर. या धंद्यात उमेदवारी करणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यात शिकवावी अशी ही गोष्ट आहे.

शेवटी मी स्वतः मीटर घेऊन डिकीत बसलो. इंडिकेटर चालू-बंद होत असल्याने मीटरवरचा आकडा स्थिर राहत नाही, म्हणून त्याच अर्थिंगवर असलेला टेल लॅम्प आणि ब्रेक लाइट लावून ठेवले. मीटरची एक पिन उजव्या दिव्याच्या होल्डरवरच्या काळ्या तारेला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ओढलेल्या लांब तारेला लावली. तिथे 0.1 किंवा फार तर 0.2 व्होल्ट दिसायला हवे होते. दिसले पाचाच्या वर, आणि डिकीचे झाकण आपटले की आकडा सातापर्यंत उडी मारत होता. बॅटरीच्या 12 व्होल्टपैकी जवळजवळ निम्मे अर्थिंगच्या एका सांध्यात खर्ची पडत होते आणि उरलेल्यावर दिवा कसाबसा तग धरून होता. ब्रेक, टेल आणि इंडिकेटर तिघेही त्याच एका सांध्यातून परतीची वाट शोधत असल्यामुळे ब्रेक दाबला की इंडिकेटर विझत होता, आणि हे लक्षण मी पहिल्याच दिवशी जॉब कार्डवर लिहून दिले होते.

उजव्या कोपऱ्यातले प्लॅस्टिकचे अस्तर सोडवले की आत पत्र्यावर एक बोल्ट दिसतो. त्या बोल्टखाली काळ्या तारांचा गोल टर्मिनल होता आणि त्याच्याच वर रिव्हर्स कॅमेरा बसवणाऱ्या दुकानातल्या माणसाने आपली तार नुसती गुंडाळून बोल्ट अर्धवट आवळून ठेवली होती. टेल लॅम्पच्या रबरी गॅस्केटमधून पावसाचे पाणी झिरपून तिथपर्यंत आले होते. टर्मिनलवर हिरवट थर आणि खालच्या पत्र्यावर तांबूस गंज चढलेला. पॉलिश पेपरने टर्मिनल आणि पत्रा लख्ख घासला, कॅमेऱ्याच्या तारेला वेगळा टर्मिनल लावला, बोल्ट घट्ट आवळला, वरून ग्रीस लावले. मीटर 0.1 च्या खाली आला. ब्रेक दाबून, हेडलाइट लावून, हजार्ड लावून सगळे पुन्हा तपासले, आणि उजवा इंडिकेटर डाव्याच्या बरोबरीने चालू लागला. या दुरुस्तीला एकही नवा पार्ट लागला नाही.

माझा संताप केवळ पैशांसाठी नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा तो लांब उतार ज्यांनी पावसात, रात्रीच्या वेळी, मागे भरलेला ट्रक असताना उतरला आहे, त्यांना उजवी लेन घेताना मागचा दिवा स्पष्ट लागणे म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. आणि त्या उतारावर पाय ब्रेकवरच असतो, म्हणजे नेमका इंडिकेटर हवा तेव्हाच तो विझणार. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये इंडिकेटरने मिनिटाला 60 ते 120 वेळा मिचमिचावे असे लिहिले आहे ते कुणाला सुचले म्हणून लिहिलेले नाही. मागच्याला तो दिसावा आणि कळावा यासाठी लिहिलेले आहे. असे असताना "एवढं काय साहेब, चालतंय ना, हात दाखवा" हे वाक्य मला गॅरेजमध्ये उभे राहून ऐकावे लागले.

आता गाडीत नवा कॉम्बिनेशन स्विच बसलेला आहे आणि वळण पूर्ण होऊन स्टिअरिंग सरळ झाले तरी त्याची दांडी आपोआप जागेवर येत नाही. कंपनीतून आलेला मूळ स्विच हे काम इतकी वर्षे बिनतक्रार करत होता. तो परत मागायला गेलो तेव्हा जुने पार्ट भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. मला न विचारता, मी बिल भरण्याच्या आधीच ते गेले होते. बिलावर फ्लॅशर, बल्ब, स्विच आणि प्रत्येकाचे वेगळे लेबर असे सगळे लिहिलेले आहे. तपासणी या नावाची एकही ओळ त्यावर नाही. तेच बिल आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो घेऊन मी गॅरेजच्या मालकासमोर उभा राहिलो आहे, आणि स्विचचे पैसे परत मिळेपर्यंत उभा राहणार आहे.