इंजिन न उघडण्याबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

पाटण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून नुकत्याच घेतलेल्या 1994 सालच्या महिंद्रा एमएम 540 जीपच्या डागडुजीवर आणि तिच्यात केलेल्या फेरबदलांवर मी लिहिलेला लेख आपण शेवटपर्यंत वाचलात, हे आपल्या प्रतिक्रियेच्या लांबीवरून दिसते, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सारांश देतो. आपले म्हणणे असे की, मी इंजिन न उघडता ब्रेक, स्टीअरिंग आणि पाटे (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा) यांवर पैसे घातले. टायमिंग बेल्टचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचा, साधा उल्लेखही केला नाही. ऑफसेट रिम, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला नेणाऱ्या रिम, लावून नव्या बेअरिंगांचे आयुष्य कमी केले. लोखंडी बंपर, हार्डटॉप आणि पॉवर स्टीअरिंग यांची आरसी पुस्तकावर किंवा विमा कंपनीकडे नोंद केली की नाही ते सांगितले नाही. आणि एकूण खर्च लपवला. यांपैकी बहुतेक मुद्दे किरकोळ आहेत. मला उत्तर लिहायला बसवले ते पुढील वाक्याने : “जुनी डिझेल जीप घेतली की आधी इंजिन उघडायचे असते, एवढेही ज्याला कळत नाही त्याने पाचवी पास मिस्त्रीच्या नादी लागून लोकांना ब्रेकची प्रवचने देऊ नयेत.”

मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. जीपवाल्यांत दोन माणसांचे एकमत झाले तर त्यांतला एक जण गाडी विकायला निघाला आहे असे खुशाल समजावे. परंतु “एवढेही कळत नाही”, “नादी लागून” आणि “प्रवचने” हे तीन शब्दप्रयोग एकाच वाक्यात बसवायला जो आवेश लागतो, तो आपण इंजिनाची एखादी खूण सांगण्यासाठी वापरला असता तर वाचकांचा अधिक फायदा झाला असता. आपल्या संपूर्ण प्रतिक्रियेत धुराचा रंग नाही, तेलाचा दाब नाही, काँप्रेशनचा, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते याचा, उल्लेख नाही. आहे तो फक्त “असते” हा निर्वाळा.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. खर्चाचा तपशील मूळ लेखात यायला हवा होता. तो लपवला नव्हता, लेख लांबत गेला म्हणून राहिला. तरीही या बाबतीत आपली तक्रार रास्त आहे आणि ती मी दूर करीन.

आता मुख्य वाक्याकडे येतो. 540 मध्ये प्यूजोच्या परवान्यावर बनलेले एक्सडीपी 4.90 हे 2112 सीसीचे डिझेल इंजिन असते. त्यात टर्बो नाही, संगणक नाही, सेन्सरांचे जाळे नाही. टायमिंग बेल्टही नाही, कारण या इंजिनाचे टायमिंग चेनवर चालते. तेव्हा जो भाग गाडीत नाहीच त्याचा उल्लेख मी का केला नाही, या प्रश्नाचे उत्तर आपले आपणच शोधावे. अशा इंजिनाची प्रकृती ते न उघडता कळते. सकाळी गार असताना ते हीटर प्लगवर (सिलिंडर आधी तापवणाऱ्या प्लगवर) किती वेळात सुरू होते, सुरू झाल्यावरचा पांढरा धूर लगेच विरतो की रेंगाळतो, चढावर दाबल्यावर काळा धूर किती येतो, आणि निळा धूर, म्हणजे जळणारे तेल, दिसते का, हे पाहायचे. मग इंजिन चांगले तापल्यावर तेल भरायचे झाकण काढून त्यावर तळवा धरायचा. पिस्टन-रिंग गेल्या असतील तर तिथून वाफांचे फवारे येतात. मिस्त्री त्याला बॅक काँप्रेशन म्हणतात. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का आणि पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, हेही पाहायचे.

हे सगळे आम्ही पाहिले आणि मूळ लेखात लिहिलेही. त्यावर नॉझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोट्या, काढून चारही सिलिंडरांचे काँप्रेशन मोजले. चारही आकडे एकमेकांच्या जवळ होते आणि तेलाचा दाब गरम इंजिनावरही टिकत होता. फक्त नॉझल फवारा मारण्याऐवजी गळत होते, म्हणून ते पंपवाल्याकडे दिले. दोन हीटर प्लग जळालेले होते, ते बदलले. टॅपेट लावले, म्हणजे व्हॉल्व्हची फट नीट केली, तेल आणि सगळे फिल्टर बदलले, रेडिएटर साफ करून घेतला आणि जुन्या बंद काट्यांच्या जागी तापमानाचा व तेलाच्या दाबाचा चालू काटा बसवला. याला आपण “इंजिनाकडे दुर्लक्ष” म्हणत असाल तर लक्ष देणे म्हणजे काय, हे एकदा समजावून सांगावे.

न दुखणारे इंजिन उघडण्यात नुकसान काय, असा आपला पुढचा प्रश्न असेल, म्हणून तेही सांगतो. या इंजिनाचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत वरखाली होतो त्या नळ्या, ओल्या प्रकारचे, म्हणजे बाहेरून थेट पाण्यात असणारे आहेत. लायनरचा काठ ब्लॉकच्या पातळीपेक्षा अगदी थोडा वर असावा लागतो आणि तो चारही ठिकाणी सारखा असावा लागतो, कारण हेड गॅस्केटची पकड त्यावर अवलंबून असते. हेड उचलल्यावर लायनर न आवळता क्रँक फिरवली तरी लायनर जागचे हलू शकतात, खालच्या सीलची बैठक बिघडते, आणि मग जे पाणी इतकी वर्षे आपल्या जागी होते ते तेलात उतरते. त्यानंतर नवे लायनर-पिस्टन, लेथवाल्याकडचे काम आणि पुन्हा रनिंग-इन (नवे भाग बसेपर्यंत सांभाळून चालवणे) हे ओघाने आलेच. इंजिन मागत असेल तेव्हा हा खर्च करावाच लागतो आणि तेव्हा मी तो करीन. मागत नसताना केवळ “आधी असते” म्हणून करायचा, तर त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

आणि इथे मला थोडे घरचे सांगावे लागेल, कारण “प्रवचने” हा शब्द मला तिथे लागला आहे. माझे वडील कराड-पाटण रस्त्यावर वडाप, म्हणजे प्रवासी वाहतुकीची खासगी जीप, चालवत. ज्या वयात आपण बहुधा खेळण्यातल्या गाड्या चालवत असाल, त्या वयात मी जीपखाली झोपून त्यांच्या हातात पाने देत होतो आणि ग्रीस निप्पल कोणते घेते व कोणते घेत नाही हे शिकत होतो. त्यांच्याबरोबरीच्या एका चालकाने इंजिन पूर्ण नवे करून घेतले होते. स्टँडवर सगळ्यांना तो ते सुरू करून ऐकवत असे. त्याच्या जीपला एकेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर होता, म्हणजे चारपैकी कुठल्याही एका चाकाकडचा पाइप फुटला तर चारही ब्रेक एकदम जाणार. कुंभार्ली घाट उतरताना नेमका मागचा गंजलेला पाइप फुटला. माणूस अनुभवी होता, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, त्याने ती डोंगराच्या बाजूला गटारात घातली आणि सगळे वाचले. इंजिन तेव्हाही उत्तम चालत होते, असे वडील सांगत. त्यांनी त्यानंतर आमच्या जीपचे सगळे ब्रेक पाइप बदलले. इंजिन मात्र त्याने तेल खायला सुरुवात करेपर्यंत उघडले नाही. हा अनुभव आपल्या “असते”पेक्षा मला अधिक भरवशाचा वाटतो, त्याला माझा नाइलाज आहे.

मी घेतलेल्या जीपची स्थिती काय होती तेही ऐका. मागच्या दोन्ही व्हील सिलिंडरांची रबरे फुगलेली होती. एका बाजूचे ऑइल सील गेल्यामुळे अ‍ॅक्सलच्या हौसिंगमधले तेल ब्रेक लायनरवर उतरले होते, त्यामुळे ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असे. पाट्यांचे बुश एवढे झिजले होते की पाटा चासीला जोडणाऱ्या शॅकलची पिन हाताने हलत होती आणि एका पाट्यात मधले पान तुटलेले होते. स्टीअरिंग मोकळे फिरत होतेच, शिवाय नेमक्या सरळ दिशेला आले की किंचित अडकत होते. आधीच्या मालकाने आणि विक्रीच्या वेळी सोबत आलेल्या त्याच्या माणसाने “जुन्या जीपला एवढे असतेच” असे सांगितले होते. आपल्याप्रमाणे त्यांनाही “असते” हा शब्द प्रिय असावा.

ज्या पाचवी पास मिस्त्रीचा आपण उल्लेख केलात, त्यांनी स्टीअरिंगचा हा दोष कसा पकडला ते मुद्दाम लिहितो. पुढचे चाक जॅकवर उचलून त्यांनी एक हात टायरच्या माथ्यावर आणि दुसरा तळाशी ठेवून चाक आतबाहेर हलवले. खडखड जाणवल्यावर त्यांनी मला आत बसून ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि चाक पुन्हा हलवले. ब्रेक दाबला की हब आणि बॅकप्लेट एक होतात. खडखड थांबली तर दोष व्हील बेअरिंगमध्ये, थांबली नाही तर किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या खिळीत. आमची थांबली नाही. किंगपिन काढल्यावर त्यांनी बेअरिंगची वाटी पुसून माझ्या हातात दिली आणि आतून नख फिरवायला सांगितले. सरळ चालताना रोलर वर्षानुवर्षे ज्या जागी टेकून धक्के खातात, तिथे ओळीने बारीक खाचा पडलेल्या होत्या. नख प्रत्येक खाचेत अडत होते. स्टीअरिंग सरळ दिशेला का अडकते, याचे उत्तर त्या वाटीत होते. नवी बेअरिंगे बसवून त्यांनी शिमा, म्हणजे पातळ चकत्या, घातल्या, स्प्रिंगचा काटा लावून नकल (चाकासोबत वळणारा सांधा) फिरवायला लागणारा जोर मोजला, एक शिम काढली आणि पुन्हा मोजला. हे गृहस्थ किती इयत्ता शिकले आहेत हे मी त्यांना कधी विचारलेले नाही आणि आपल्याला ते कसे समजले, याचे मला कुतूहल आहे. माझ्या लेखात त्यांच्या शिक्षणाचा उल्लेख नव्हता. गॅरेजचे छायाचित्र होते. त्यातल्या पत्र्याच्या शेडवरून आपण इयत्ता काढली असेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

इंजिन बंद पडले तर जीप उभी राहते, मी चहा पितो आणि टोइंगला फोन करतो. ब्रेक किंवा स्टीअरिंग गेले तर ती उभी राहत नाही, आणि मग माझ्यासोबत समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसांचाही प्रश्न येतो. खर्चाचा क्रम मी यावरून ठरवला.

आता राहिलेले मुद्दे. ऑफसेट रिममुळे चाक बाहेर जाते आणि किंगपिन व व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो, हे आपले म्हणणे पुस्तकी दृष्टीने बरोबर आहे. परंतु मी ही जीप दररोज चालवत नाही, आणि बेअरिंगे पुन्हा झिजतील तेव्हा पुन्हा बदलता येतील. टायर 235/75 आर 15 मापाचे आहेत, त्यांचा व्यास साधारण 733 मिलिमीटर भरतो आणि मूळच्या 6.00-16 टायरच्या तो अगदी जवळ आहे, त्यामुळे स्पीडोमीटर चुकतो ही आपली शंका निराधार आहे. चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच झिजेचे घेतले, कारण या जीपला मधला डिफरन्शियल (पुढची-मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नाही आणि पुढेमागे वेगळ्या घेराची चाके असली तर फोर व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) यांवर ताण येतो. हे आपण विचारले नव्हते, तरी सांगितले.

कायद्याबद्दल आपण बराच मजकूर लिहिला आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मला ठाऊक आहे. उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले, तेही मी वाचले आहे. पुढच्या लोखंडी बंपरांवर कारवाई करावी असे केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले होते, हेही नवीन नाही. माझ्या जीपची फेरनोंदणी आधीच्या मालकाने 2024 मध्ये करून घेतलेली आहे, म्हणजे आरटीओच्या निरीक्षकाने ती रीतसर पाहिलेली आहे. त्यानंतर गाडीत जे काम झाले ते माझ्या सोयीसाठी झाले. आपला रोख विम्याकडे आहे हे मला समजते. पण तो माझा आणि विमा कंपनीचा प्रश्न आहे, आणि माझा लेख जीपच्या यंत्रणेवर होता. रस्त्याच्या कडेला थांबवून कागद मागण्याचे काम करणारी माणसे सरकारने नेमलेली आहेत; त्या कामात आपण त्यांना मदत करावी अशी विनंती कुणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

“एवढ्या पैशात नवी थार आली असती” हा शेवटचा शेरा मी सोडून देतो. ज्याला नवी थार हवी आहे त्याने ती जरूर घ्यावी.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. फक्त मिस्त्रींच्या शिक्षणाविषयीचे शब्द झाकले आहेत, कारण ते स्वतः हे पान वाचतात. खर्चाचा तक्ता या आठवड्यात मूळ लेखाखाली जोडतो आहे. त्यात सर्वांत मोठी रक्कम पत्र्याच्या कामापुढे दिसेल, कारण खालचा फ्लोअर कुजला होता. त्याखालोखाल ब्रेक आणि पुढचा अ‍ॅक्सल. इंजिनाच्या रकान्यात तेल, फिल्टर, हीटर प्लग, नॉझल, रेडिएटर आणि काटे एवढेच असेल. तो रकाना पाहून हीच प्रतिक्रिया पुन्हा लिहावीशी वाटली, तर पहिल्या ओळीत आपण स्वतः कोणती जीप चालवता आणि तिचे ब्रेक शेवटचे केव्हा उघडले, एवढे कृपया लिहावे.