कोपायलट बोलला होता

विमान अपघाताची बातमी आली की आमच्या परुळ्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास पडतं : "आपल्याकडे मोठ्यांसमोर तोंड उघडायची सोय नाही, म्हणून हे होतं. तुमच्या हॉलंडात बरं, लोक तोंडावर बोलतात." रोख माझ्याकडेच असतो, कारण मी अ‍ॅमस्टरडॅमजवळ राहतो आणि स्किपोलवर उतरणारी विमानं आमच्या गॅलरीतून दिसतात. लोक तोंडावर बोलतात हे खरं आहे. कालपरवा नोकरीला लागलेला पोरगा इथे साहेबाला चारचौघांत "तुमचं हे चुकलं" म्हणतो आणि मग दोघं एकत्र कॉफी प्यायला जातात. पण त्यामुळे विमानं सुखरूप उतरतात असं मानायचं, तर आधी टेनेरिफ विसरावं लागेल.

27 मार्च 1977. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दाट धुकं. केएलएम या डच कंपनीच्या जम्बोचा कॅप्टन हा कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक, जाहिरातीत ज्याचा फोटो छापायचे असा माणूस. विमानाने वेग घेतल्यावर मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, धावपट्टीवरचं ते अमेरिकन पॅन अ‍ॅमचं विमान अजून बाजूला झालं नाही का? झालंय, असं कॅप्टनने ठासून सांगितलं. दोन्ही विमानं आदळली, 583 माणसं गेली. कॉकपिटमधले तिघेही तोंडावर बोलणाऱ्या देशातले. पुढे स्पेनच्या अहवालाने कॅप्टनवर बोट ठेवलं, तेव्हा डच बाजूने हरकत घेतली, दोष एकट्याचा नाही म्हणून. आपल्या माणसाची पाठराखण ही काही फक्त मराठी सवय नव्हे.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचं विमान चाकाच्या बिघाडात गुंतून आकाशात फिरत राहिलं आणि इंधन संपून पडलं. इंधन कमी होतंय हे हाताखालच्यांना माहीत होतं. कॅप्टनच्या मनावर ठसेल असं कोणी बोललं नाही. 1979 मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. म्हणजे हा गुण पाश्चात्त्यांच्या रक्तात नव्हता. माणसं मेल्यावर त्यांनी तो वर्गात बसून शिकला.

आता आपल्याकडचं बघू. 22 मे 2010, मंगळूर. कर्नाटकच्या किनाऱ्यालगतचं, डोंगरमाथ्यावरचं विमानतळ. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान उतरताना हवं त्यापेक्षा फार उंच होतं. कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपलेला होता, हे कॉकपिटच्या रेकॉर्डिंगवरून कळलं. कोपायलटने "गो-अराउंड", म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं एकदा नव्हे, पुन्हापुन्हा सांगितलं. विमान उतरलं, धावपट्टी संपली, 158 माणसं गेली. इथे गप्प बसलं कोण? आणि ज्याने ऐकलं नाही तो कॅप्टन सर्बियाचा होता, त्यामुळे 'आपली संस्कृती' हे उत्तरही इथे पुरत नाही.

7 ऑगस्ट 2020, कोळीकोड. पाऊस, पाठीमागून वारा, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालेना. विमान धावपट्टीवर टेकायला उशीर होतोय हे दिसल्यावर कोपायलटने गो-अराउंड म्हटलं. उत्तर आलं नाही. चाकं टेकली तेव्हा जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे पडली होती. 21 जण गेले, त्यात दोघेही वैमानिक. कॅप्टन दीपक साठे आपल्या नागपूरचे, हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले. त्या आठवड्यात त्यांच्या शौर्याचे संदेश आमच्या ग्रुपवर दिवसरात्र फिरत होते. वर्षभराने अहवाल आला, कॅप्टन आणि कोपायलट यांच्या अधिकारातली दरी त्यात स्पष्ट लिहिलेली होती, आणि तेच लोक चिडले : मेलेल्या माणसावर खापर फोडतात.

मला तो राग कळतो. पण अहवाल खापर फोडायला लिहिलेला नसतो, तिथेही नाही आणि इथेही नाही. इथल्या डच तपास मंडळालाही दोषी ठरवायचा अधिकार नाही. अहवालातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आमच्या ग्रुपवर कोणी वाचलीच नाही : धाकटा बोलला होता. दोन्ही वेळा. तेव्हा प्रश्न बोलण्याचा कमी आणि त्या बोलण्याला किंमत किती याचा जास्त आहे.

मालवणच्या बंदरात शिरताना पाण्याखाली खडपं आहेत. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा असलेला पोरगा ओरडला की तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आधी सुकाणू फिरवतो, शिव्या मागाहून देतो. तांडेल काही लोकशाहीवादी नसतो. कित्येक विमान कंपन्यांनी हाच नियम केलाय : दोघांपैकी कोणीही गो-अराउंड म्हटलं की वर जायचं, चर्चा नंतर. माझ्या मते संस्कृती बदलायची वाट बघत बसण्यापेक्षा असा नियम घोटून घेणं सोपं.

उंचीचं तर आणखी विचित्र आहे, कारण तिथे दोघंही एकाच वेळी फसू शकतात. उंची दाखवणारं मुख्य यंत्र खरं तर हवेचा दाब मोजतं. दाब बदलता असतो, म्हणून उतरताना एटीसी, म्हणजे जमिनीवरचं हवाई वाहतूक नियंत्रण, त्या घडीचा दाब सांगतं, वैमानिक तो आकडा म्हणून दाखवतो आणि यंत्रात भरतो. दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात, त्यात एकाची चूक म्हणजे साधारण 28 फूट. मे 2022 मध्ये पॅरिसला भर पावसात उतरणाऱ्या एका एअरबसला 1001 ऐवजी 1011 सांगितलं गेलं. वैमानिकांनी तेच म्हणून दाखवलं, चूक कोणाच्या कानाला खटकली नाही. दोघा वैमानिकांसमोरची यंत्रं एकमेकांशी तंतोतंत जुळत होती आणि दोन्ही 280 फुटांनी खोटी होती. ठरलेल्या किमान उंचीला आल्यावर धावपट्टी दिसेना, म्हणून ते वर निघाले. तेव्हा विमान धावपट्टीच्या दीडेक किलोमीटर अलीकडे, जमिनीपासून सहा फुटांवर होतं. सहा फूट!

कोकणात हे पॅरिसपुरतं राहत नाही. उंचावरून उडताना सगळी विमानं 1013 हा एकच आकडा धरतात. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरचा दाबही त्याच्या आसपास असतो, पण पावसाळ्यात तो 1000 ते 1005 पर्यंत उतरतो. म्हणजे आकडा बदलायचा राहिला तर विमान दिसतं त्याहून दोन-तीनशे फूट खाली. आणि आमच्या सिंधुदुर्गचं चिपी विमानतळ सड्यावर, म्हणजे पठारावर, खाली समुद्र, वर ढग. (राडारवर चालणारी दुसरी उंचीमापकं असतात, पण तीही देव नव्हेत. 2009 मध्ये आमच्या स्किपोलला तुर्की विमानाचं असंच एक यंत्र हवेत असताना उणे आठ फूट दाखवू लागलं, त्यावर विसंबून इंजिनांची ताकद आपोआप कमी झाली, आणि कॉकपिटमध्ये तीन वैमानिक असून घटत्या वेगाकडे वेळेत लक्ष गेलं नाही. नऊ जण गेले.)

म्हणूनच चिपीवर घिरट्या घालून विमान माघारी गेलं की गावात जे सुरू होतं त्याची मला भीती वाटते. "धावपट्टी दिसाक नाय म्हणान माघारी गेलो? मगे पायलट कशाक म्हणतत तेका?" हे आमच्या मामाचं, आणि मामा एकटा नाही. दुसऱ्या दिवशी गणपती आणायचा असतो, प्रसादाची यादी खिशात असते, चाकरमानी पुन्हा मुंबईत. राग खोटा नाही. पण पॅरिसच्या त्या विमानातली माणसं जगली ती नेमकं मामा ज्याला भित्रेपणा म्हणतो तेवढं केल्यामुळे.

आणि हे सगळं कॅप्टनच्या कानावर जात नसेल असं नाही. माघारी नेलं तर दीडशे किंवा सत्तर माणसांचे चेहरे, कंपनीचं इंधन, ड्युटीचे तास, पुढचं विमान. कोपायलट गो-अराउंड म्हणतो तेव्हा त्याचा आवाज या गर्दीतून कॅप्टनपर्यंत पोचायचा असतो. इथे हॉलंडात विमान वळवलं तर प्रवासी कुरकुरतात, पण पुढची सोय कोण करणार हे ठरलेलं असतं. त्यामुळे कुरकुर कॉकपिटपर्यंत फारशी जात नाही. इथल्या माणसांच्या मोकळेपणापेक्षा मला हा फरक मोठा वाटतो.

चिपीसाठी निवेदनं निघतात त्यात जादा फेऱ्या असतात, नाइट लँडिंग असतं, तिकिटाचे दर असतात. त्यात माझी एक भर : विमान गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळाला वळलं तर तिथून कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्याला जाणारी बस कंपनीच्या खर्चाने त्याच रात्री सुटावी, आणि तिकीट काढतानाच ते लिहून मिळावं.